रिकाम्या सोळा मात्रा

रेवा, मागच्या रविवारी तू फोनवर विचारलंस, "आजी, तू कधी जॅझ ऐकलंयस? समोर बसून?" तुला शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट मिळालं होतं आणि तू ते कॅमेऱ्यासमोर धरून दाखवत होतीस. मी म्हटलं, "हो, सहा वेळा," आणि लगेच तुझ्या दादाच्या परीक्षेचं विचारलं. तुमचा बाबा हसला. त्याला वाटलं, आईचं काहीतरीच.

पण सहा वेळा हे खरं आहे. ज्या माणसामुळे त्या सहा वेळा आल्या, त्याच्याबद्दल फोनवर सांगणं मला जमणार नव्हतं, म्हणून लिहिते आहे. बाबाकडून वाचून घ्या. तो कुठे थांबला तर का थांबलास म्हणून विचारू नका.

मी ज्या शाळेची मुख्याध्यापिका होते तिथे ते संगीत शिकवत. मुलं त्यांना भोंपू सर म्हणत. मी नुसतं 'सर' म्हणे आणि ते मला 'बाई'. पुरी शाळा मला मॅडम म्हणायची, बाई म्हणणारे तेवढे एकच. बनारसमधल्या मराठी माणसांना मराठी बोलायला घराबाहेर फारशी जागा नसते. आम्हाला स्टाफरूमच्या खिडकीजवळचं एक टेबल होतं.

ते उंच आणि किडकिडीत होते. रेल्वेचा काळा कोट नोकरी सुटल्यावरही अंगावर राहिला होता, फक्त बटणं बदलली होती. खालच्या ओठाला आतून घट्टा पडलेला, त्यामुळे बोलताना शब्द जरा चावल्यासारखे येत. आणि बनारसमध्ये जन्म काढून ते पान खात नसत. ह्या शहरात पान न खाणाऱ्या माणसाकडे लोक जरा संशयानेच पाहतात. शिवाय त्यांच्या खिशात पितळेचा पानाचा डबा कायम असे. कोणी आशेने हात पुढे केला की ते डबा उघडून दाखवत. आत ओल्या फडक्यात पानांऐवजी वेताच्या चपट्या पट्ट्या, सॅक्सोफोनच्या तोंडाला लावायच्या. त्यांना रीड म्हणतात, हे तुला आता माहीत आहेच. एक रीड बोलता बोलता तोंडात भिजत घातलेली असायची. तिमाही निकालाच्या बैठकीतही.

त्यांचे वडील ब्रह्माघाटावर घरी वेद शिकवत. मुलानेही बरंच पाठ केलं होतं, पण तो गेला मुगलसरायला, मालगाडीचा गार्ड म्हणून. ते सांगत, "वडिलांनी श्वास शिकवला, रेल्वेने शिट्टी. मी फक्त जोडाजोड केली." वडील शेवटपर्यंत त्यांच्याशी नीट बोलले नाहीत. हे मात्र ते सांगत नसत. मला दुसऱ्यांकडून कळलं.

मंगला गौरीच्या देवळाच्या वरच्या गल्लीत त्यांची एक खोली होती. तिथे रियाज करायचा म्हणजे शेजाऱ्यांची पंचाईत. म्हणून त्यांनी भिंतीतलं कपाट जुन्या रजयांनी भरलं होतं. सॅक्सोफोनचं तोंड त्या रजयांत खुपसून, कपाटाकडे तोंड करून ते वाजवत. बाहेर ऐकू येई ते इतकंच, की कोणीतरी मोठं जनावर झोपेत कण्हतंय. आरतीच्या वेळी बंद. "देवीचा सूर वेगळा आहे, बाई. तिच्याशी कशाला झगडा?" आसपासच्या प्रत्येक देवळातल्या घंटेचा सूर त्यांना पाठ होता. आमच्या शाळेच्या घंटेबद्दल त्यांचं मत वाईट होतं. "तुमची घंटी दोन सुरांच्या मधोमध लटकलीय. बिचाऱ्या मुलांना रोज आठ वेळा ऐकावी लागते. त्यांचे कान चौपट होणार नाहीत तर काय!"

मला तेव्हा जॅझ म्हणजे मोठ्या हॉटेलात जेवताना मागे वाजतं ते, एवढंच ठाऊक होतं. मुलांना ते ऐकवायचं आहे असं ते म्हणाले, तेव्हा मी माझ्या परीने मदत केली. "सर, हॉलमध्ये चांगला स्पीकर घेऊ. आठवड्याला एक तास. रेकॉर्डिंग्ज तर हवी तेवढी मिळतात."

त्यांनी तोंडातली रीड काढून डब्यात ठेवली. असं ते फार गंभीर असले तरच करत.

"बाई, घाटावर गंगाजलाच्या सीलबंद लोट्या मिळतात, पाहिल्यात ना?"

"रोज पाहते."

"त्या लोटीतल्या गंगेत कोणी पोहायला शिकलंय का?"

स्पीकर आला नाही. मुलांनी जॅझ ऐकायचं ते वाजवणाऱ्याचा श्वास ऐकू येईल इतक्या जवळून, असा त्यांचा हट्ट. आता ह्या शहरात सतार, तबला, शहनाई वाजवणारे गल्लोगल्ली. पण पितळी वाद्यं कोणाकडे? लग्नाच्या बँडवाल्यांकडे. सरांनी त्यांच्यातूनच पाच जण निवडले. म्होरके होते ट्रम्पेट वाजवणारे अशफाक मियाँ, वयाने सरांएवढेच. पण बँडवाले लगनसराईत मोकळे नसतात, चातुर्मासात भाताच्या लावणीसाठी गावी जातात, आणि चैत्राच्या आधीच्या खरमासात, म्हणजे लग्नं लागत नाहीत त्या महिन्यात, आमच्या परीक्षा. उरला पौषाचा खरमास. तो डिसेंबरच्या मध्यावर सुरू होतो आणि थोड्याच दिवसांत थंडीमुळे शाळाच बंद होतात. म्हणजे मिळाला तर वर्षातून एकच दिवस. मी तो वेळापत्रकात घातला. एक तासिका, चाळीस मिनिटं, सहावी ते आठवी.

पहिल्या वर्षी बँडवाले आपल्या लाल गणवेशात आले, सोनेरी झालरीसकट, कारण दुसरा गणवेश नव्हता. फाटकावर आमचा चपरासी म्हणाला, "का गुरु, दूल्हा कहाँ हौ?" अशफाक मियाँ म्हणाले, "दूल्हा भाग गया। बाजा मैडम के नाम।" ते हॉलमध्ये शिरले मात्र, मुलांनी वरातीतल्यासारख्या शिट्ट्या मारल्या. "मैडम, नागिन! नागिन बजवाइए ना!" आठवीतले दोघे खाली बसून डोक्यावर हाताचा फणा करून डोलायलाही लागले. मी हात वर केला. हॉल गप्प झाला.

इथे तुम्हाला आमच्या शाळेचा एक नियम सांगायला हवा. तो मीच केला होता आणि मला त्याचा अभिमान होता. मुलाला बोलायचं असेल तर त्याने हात वर करायचा, कोपर ताठ. शिक्षकांनी नाव घेतलं की मगच तोंड उघडायचं. आणि मी हात वर केला तर सगळ्यांनी गप्प. बाहेरचे पाहुणे येत, ते शाळेतली शांतता बघून चकित होत.

मग सरांनी वाजवायला सुरुवात केली. मी मागे वही घेऊन बसले होते, किती वाजता सुरू झालं ते लिहायला. ते मी लिहिलं, पुढे काही लिहिलं नाही. एक संथ चाल होती, जवळजवळ रडवेली. ती एकदा सगळ्यांनी मिळून वाजवली. मग एकेकाने पुढे यायचं आणि त्याच चालीचं आपल्या मनाला येईल ते करायचं, बाकीच्यांनी खाली धरून ठेवायचं. अशफाक मियाँना आयुष्यभर वरातीच्या घाईत वाजवायची सवय. सर त्यांना म्हणाले, "मियाँ, इथे मागे घोडा नाही. आरामात." आणि अशफाक मियाँ खरंच आरामात वाजवायला लागले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं, की जणू स्वतःच्याच घरात त्यांना एक खोली सापडली आहे, जिचा दरवाजा त्यांनी कधी उघडलाच नव्हता.

तबला शिकणारा एक मुलगा नंतर म्हणाला, "सर, ये तो अपने जैसा ही है। उपज जैसा।" उपज म्हणजे वाजवता वाजवता ऐनवेळी सुचेल ते. सर भडकले. "आपल्यासारखं आहे म्हणून ऐकू नकोस! ते त्याचं आहे म्हणून ऐक!" मग जरा शांत होऊन म्हणाले, "मोजणी तेवढी सारखी. सोळाला सोळा. गणित कोणाच्या बापाचं नाही."

तर त्या सोळाबद्दल. कार्यक्रमाच्या शेवटी सर एक गोष्ट करत. चाल ऐन रंगात असताना सगळे एकदम थांबत, सोळा मात्रांपुरते. आणि सर मुलांकडे बघून भुवया उंचावत. ती रिकामी जागा मुलांची. कोणीही तिच्यात काहीही भरावं. गावं, टाळी द्यावी, बाकावर बोटं वाजवावीत. सोळा झाले की बँड पुन्हा सुरू.

पहिल्या वर्षी त्या जागेत काय झालं असेल? मुलांनी हात वर केले.

खरंच. सात-आठ हात, कोपर ताठ. सरांनी घाईने एकाला खूण केली, तो उभा राहिला, "सर, क्या करना है?" म्हणाला, तोवर सोळा संपून बँड सुरू झाला होता.

मला त्यात वाईट असं काही दिसलं नाही. मुलं शहाण्यासारखी वागली होती.

दुसऱ्या वर्षी हात जास्त आले. तिसऱ्या वर्षी सरांनी आधीच वर्गावर्गात जाऊन सांगितलं, हात वर करायचे नाहीत. तर त्या सोळा मात्रांत सगळी मुलं हात पाठीमागे बांधून बसली आणि माना वळवून माझ्याकडे पाहू लागली. पाचव्या वर्षापर्यंत तेच.

त्या पाचव्या वर्षानंतर स्टाफरूमच्या टेबलाशी ते म्हणाले, "बाई, एक विनंती आहे. पुढच्या वेळी तुम्ही हॉलच्या बाहेर बसा."

"मी बाहेर? सर, दोनशे मुलं आहेत. गोंधळ होईल."

"तोच तर हवाय."

"तुम्हाला हवाय. उत्तर मला द्यावं लागतं. पालक आधीच विचारतात, शाळेत बरातीचा बाजा कशाला."

"मग सांगा ना, की बारात आहे म्हणून. तुमच्या शिस्तीची पाठवणी."

मी हसले नाही. ते चहा ढवळत राहिले, साखर नसलेला. मग त्यांनी ती हकीकत सांगितली. मला ती एकदाच सांगितली. ते बारा वर्षांचे असताना मामाकडे मुगलसरायच्या रेल्वे कॉलनीत राहत होते. रेल्वेच्या क्लबात शनिवारी संध्याकाळी नाच असे आणि तिथे एक म्हातारा बँडमास्टर होता. पोरांना आत जायला परवानगी नव्हती. ते खिडकीबाहेर विटांवर उभे राहून ऐकत. एकदा बँड असाच मध्येच थांबला आणि त्या शांततेत ह्यांच्या तोंडून नकळत शीळ गेली. सगळ्या माणसांनी खिडकीकडे पाहिलं. पळावं म्हणून ते विटांवरून उतरले. पण बँड सुरूच झाला नाही, म्हणून त्यांनी पुन्हा चढून पाहिलं. बँडमास्टरने खिडकीकडे तोंड केलं, भुवया उंचावल्या आणि बोटं मोजत आणखी सोळा मात्रा रिकाम्या ठेवल्या. त्यांच्यासाठी.

"पहिले सोळा कोणीही देतो, बाई. ते सगळ्यांचे असतात. दुसरे सोळा फक्त त्याचे, ज्याने तोंड उघडलं. माझी सगळी जिंदगी त्या दुसऱ्या सोळांवर चाललीय. ते मला कोणाला तरी देऊन जायचंय. बस, एवढंच. मला शाळेत दुसरं काही काम नाही."

मी बाहेर बसायचं कबूल केलं नाही.

सहाव्या वर्षी कार्तिकापासून त्यांना धाप लागू लागली. बालाजी घाटाच्या पायऱ्या चढताना तीनदा बसावं लागे. डॉक्टरांनी फुंकायचं बंद करायला सांगितलं. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "खरमासानंतर बंद केलं तर चालेल?" डॉक्टर पंजाबी होते, त्यांना खरमास कळला नाही, ते हो म्हणाले. सर मला येऊन म्हणाले, "बाई, हे शेवटचं. ह्या वेळी तरी."

आता मी कबूल केलं, पण अर्धंच. म्हटलं, "मी अगदी मागे, खांबाआड बसेन. मुलांना दिसणार नाही. तोंड उघडणार नाही."

"वचन?"

"वचन."

त्या दिवशी धुकं इतकं होतं की हॉलमध्ये दिवे लावावे लागले. मी खांबाआड बसले. पाच मिनिटांत मुलं मला विसरली, हे मला त्यांच्या पाठींवरून समजलं. सर बसून वाजवत होते. पूर्वी जिथे एका श्वासात जात तिथे आता दोनदा थांबत होते, आणि अशफाक मियाँ ती फट हलकेच भरून घेत होते. चाल तीच, पहिल्या वर्षापासूनची.

मग सगळे थांबले. सरांनी भुवया उंचावल्या.

एक, दोन, तीन, काही नाही. चौथ्या की पाचव्या मात्रेला बाकावर दोनदा टकटक झाली. आणि मग कोणीतरी गायला लागलं. शब्द नव्हते, तोंड बहुधा मिटलेलंच होतं. आवाज पातळ होता, मुलाचा की मुलीचा हे त्या वयात कळत नाही. तो एका बाजूने वर चढला, जरा अडखळला, आणि मग त्याने ते अडखळणंच मुद्दाम पुन्हा गायलं. दुसऱ्यांदा ते अडखळणं राहिलं नाही. ते सुंदर होतं. रेवा, मला संगीत कळत नाही, पण एवढं मला कळलं.

मी पाहिलं, सरांचा चेहरा एकदम बारा वर्षांच्या मुलाचा झाला. सोळा संपले. बँडने सुरू केलं नाही, कारण सरांनी डावा हात उचलून सगळ्यांना थांबवलं होतं. दुसरे सोळा. ते आता देणार होते. मुलं माना उंचावून आवाज कुठून आला ते शोधू लागली, हॉलमध्ये कुजबुज उठली, कोणीतरी हसलं.

आणि मी उभी राहिले. मी इंग्रजीत ओरडले, "कोण आहे ते? आवाज कोण करतंय? उभं राहा!"

मला विचार करायला वेळ मिळाला नाही असं मी सांगू शकते. पण विचार न करता जे तोंडून येतं, तेच आपण असतो. तीस वर्षं कुजबुज ऐकली की मी तेच म्हणत आले होते.

दोनशे माना खाली गेल्या. सरांनी श्वास भरून सॅक्सोफोन तोंडाला लावला होता. तो श्वास त्यांनी तसाच सोडला. सूर आला नाही, नळीतून नुसती हवा गेली. ती मला मागे खांबापर्यंत ऐकू आली. मग लग्नात व्याह्यांचं भांडण जुंपलं की बँडवाले करतात तसं अशफाक मियाँनी केलं. घाईघाईने भलतंच काहीतरी जोरात सुरू केलं. मुलांनी टाळ्यांचा ठेका धरला. तेवढ्यात घंटा झाली.

सर माझ्यावर रागावले नाहीत. हॉल रिकामा झाल्यावर ते माझ्याकडे आले, कपाळावर घाम होता, त्या थंडीत. म्हणाले, "बाई, कोण होतं?"

"मला दिसलं नाही."

"पण तुम्ही तर त्याच्यावरच ओरडलात ना?"

"नाही, सर. मी आवाजावर ओरडले."

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मी सांगितलं, कोणालाही शिक्षा होणार नाही, काल कोण गात होतं त्याने फक्त सांगावं. कोणी हललं नाही. मी सरांना म्हटलं, आपण चिठ्ठ्या घेऊ, नाव गुप्त राहील. ऑफिसातली सूचनापेटी वर्गावर्गात फिरवली. तिच्यात नावं निघाली, भरपूर निघाली. मुलांनी ज्यांच्याशी भांडण होतं त्यांची नावं लिहिली होती. 'मैडम, सुमित था, रोज करता है।' 'आठवीं बी वाली लड़कियाँ।' सरांनी सगळ्या चिठ्ठ्या माझ्या टेबलावर पसरून वाचल्या. आधी हसले. मग एकेक घडी घालून पेटीत परत ठेवत राहिले. "बघा बाई, किती छान शिकवलंय आपण," ते म्हणाले. 'तुम्ही' म्हणाले नाहीत. मला ते जास्त लागलं.

शाळा थंडीसाठी बंद होईपर्यंत चार दिवस होते. ते चार दिवस सर व्हरांड्यातून हिंडत. प्रत्येक वर्गाबाहेर खिडकीच्या कठड्यावर त्या चालीचा ठेका बोटांनी धरत, थांबत आणि सोळा मोजत उभे राहत. आतून एखादा हात वर होई. सर आशेने म्हणत, "हाँ, बोलो!"

"सर, मे आय गो टु टॉयलेट?"

त्या वर्षी त्यांनी शाळा सोडली. फुंकणंही सुटलं. दोन वर्षांनी मी निवृत्त झाले. अशफाक मियाँचा बँड मोडला. लोकांना आता वरातीपुढे डीजेची गाडी लागते. ते चौकापासून ई-रिक्षा चालवतात आणि मी दिसले की आदाब करून विचारतात, "पता चला, मैडम?" सरही दर भेटीत तेच विचारत. "कळलं का, बाई?" त्यांना त्या मुलाला सॅक्सोफोन द्यायचा होता. किमान ते दुसरे सोळा तरी.

मी शोधत राहिले. जुने विद्यार्थी भेटतात. कोणी औषधाच्या दुकानात, कोणी बँकेत. बँकेत एकजण काउंटरमागून उठून माझ्या पाया पडला. त्याला त्या दिवसाचं विचारलं. म्हणाला, "मैडम, हाँ, आया था एक बाजा। कोई गाया था, फिर आप चिल्लाईं। हम लोग बहुत डर गए थे।" गायलं कोण, ते त्याला आठवत नव्हतं. कोणालाच आठवत नाही. सगळ्यांना माझं ओरडणं तेवढं आठवतं. तो मुलगा किंवा ती मुलगी आता तिशीकडे आली असेल. तिला स्वतःला तरी आठवत असेल का? की त्या दिवसानंतर तिने इतकं नीट तोंड मिटलं, की आपण कधी गायलो होतो हेच ती विसरली? रात्रंदिवस मला हेच वाटतं असं नाही. पण वाटतं.

सर ह्या माघात गेले. सॅक्सोफोन पुतण्याने पुण्याला नेला, दिवाणखान्यात काचेत ठेवला आहे म्हणे. रीडचा डबा त्यांनी मला ठेवायला सांगितला होता. मी रोज सकाळी पूजेनंतर त्यातलं फडकं ओलं करत असे, अगदी न चुकता. तीन आठवड्यांनी उघडून पाहिलं तर सगळ्या रीडना बुरशी आली होती. ते फडकं अधूनमधून पूर्ण वाळूही द्यायचं असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. किंवा मी विचारलं नव्हतं.

शेवटचं सांगते आणि थांबते. ते जायच्या दोन दिवस आधी, दुपारी, मी त्यांच्या खोलीवर गेले होते. कपाटात अजून त्या रजया होत्या. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं यंत्र घरघरत होतं. ते तीन-तीन शब्द बोलत.

"भिकार ड्रमर आहे," यंत्राकडे बोट करून म्हणाले. "एकच ठेका. आणि सोडत नाही."

मग म्हणाले, "कळलं का?"

"नाही, सर."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली. पण थोड्या वेळाने पलंगाच्या लोखंडी दांडीवर नखाचा आवाज आला. त्यांनी ठेका धरला होता. ती चाल मी सहा वेळा ऐकली होती, मला ती पूर्ण आठवत होती. ते ती बोटाने वाजवत गेले, जिथे थांबायचं तिथे बरोबर थांबले, डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या.

खोलीत आम्ही दोघंच होतो. वर्ग नव्हता, पालक नव्हते. मला गुणगुणता आलं असतं. खुर्चीच्या हातावर दोन बोटं तरी वाजवता आली असती. ते अडखळणं, जे त्या मुलाने दोनदा गायलं होतं, मला अजून जसंच्या तसं येतं. मी मनात मोजत होते. एक, दोन, तीन, चार.

पाचव्या मात्रेला माझा हात वर गेला. कोपर ताठ.

ते माझ्या हाताकडे बघत राहिले. सोळा संपले तरी त्यांनी ठेका सुरू केला नाही. बोट दांडीवर न टेकवता, हवेत, ते पुढचे मोजू लागले. ते दुसरे होते. इतकी वर्षं कोणासाठी तरी राखून ठेवलेले.

त्या सोळांत मी हात खाली घेतला.